भाद्रपदात हिरवा राहिलेला साग



गणपतीच्या सुमारास बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्याने आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. नाले वाहत असतात, गांगुलपाराचे तळे भरलेले असते, गवत कमरेएवढे वाढलेले असते. तरीही मध्येच सागाचे पट्टेच्या पट्टे तपकिरी दिसतात, जणू काही त्यांच्यासाठी उन्हाळाच आला. जवळ जाऊन एक पान तोडून उजेडासमोर धरावे. पानाच्या शिरा शाबूत आणि मधला हिरवा भाग गायब. पान म्हणजे नुसती जाळी झालेली असते. हे काम दुष्काळाचे नाही, एका लहानशा अळीचे आहे.

अशा तपकिरी रानात कधी कधी एखादेच झाड हिरवे उभे असते. ते हिरवे का राहिले, आणि त्याच्यासारखी आणखी झाडे तयार करता येतील का, हा या अंकातील पाठाचा विषय आहे. विषय वनशास्त्राचा असला तरी आपल्या घराशी त्याचा संबंध आहे. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ पालकांनी शेताच्या बांधावर साग लावला आहे, काहीजण लावण्याच्या विचारात आहेत, आणि "या रोपाला कीड लागत नाही" असे सांगून रोपे विकणारे गावोगावी फिरत असतात. त्यांचे म्हणणे कसे तपासावे, हेही या पाठातून कळावे अशी अपेक्षा आहे.

सागाच्या दोन अळ्या

सागाची पाने खाणाऱ्या किडी अनेक आहेत, पण नुकसान करण्यात दोघी पुढे आहेत.

पहिली म्हणजे पाने फस्त करणारी अळी. शास्त्रीय नाव हिब्लिया प्युएरा. पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाला कोवळी पालवी असते, त्या वेळी हिचे पतंग येऊन अंडी घालतात. अळी पानाची कड कापून ती दुमडते, त्या घडीत लपून राहते आणि मोठ्या शिरा सोडून सगळे पान खाते. कोवळे पान हिला फार प्रिय.

दुसरी म्हणजे पानांची जाळी करणारी अळी. शास्त्रीय नाव युटेक्टोना मॅकेरालिस. हिचा पतंग पिवळा, पंखांवर लालसर नागमोडी रेघा असलेला, दिसायला नाजूक. ही अळी जून पानावर येते. आपल्या मध्य भारतात पावसाळ्याच्या उत्तरार्धात हिचा जोर असतो. भाद्रपद-आश्विनात दिसणारे तपकिरी पट्टे बहुतेक हिचेच.

अळ्यांनी पाने खाल्ली म्हणून साग सहसा मरत नाही. त्याला पुन्हा पालवी फुटते. म्हणून पुष्कळ वर्षे लोकांना वाटे की यात फारसे नुकसान नाही. पण पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर. ऐन पावसाळ्यात स्वयंपाकघर बंद पडले तर झाड वाढणार कशाने? केरळ वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निलंबूर येथे तरुण सागाच्या लागवडीत याचा हिशेब केला. काही झाडे औषध फवारून अळीपासून वाचवली, काही तशीच ठेवली, आणि पाच वर्षे मोजमाप केले. पहिल्या अळीमुळे लाकडाच्या वाढीचे सुमारे ४४ टक्के नुकसान होते असे दिसून आले. म्हणजे १०० घनफूट लाकूड वाढायचे तिथे ५६ घनफूटच वाढले. झाड उभे दिसते, म्हणून हा तोटा कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

मग औषध का फवारू नये? शेतातल्या तुरीवर फवारता येते, पण ८० फूट उंच झाडांच्या हजारो हेक्टर जंगलावर कोण फवारणार? फवारले तरी ते विष नाल्यात जाईल, मधमाश्या मरतील आणि अळ्या खाणारे पक्षी व कीटकही मरतील. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरे मार्ग शोधले. केरळात हिब्लियाच्या अळीलाच आजारी पाडणारा एक विषाणू सापडला. त्याचा उपयोग फवारणीसाठी करण्यात आला, कारण तो इतर जिवांना त्रास देत नाही. आणखी एक मार्ग म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतः करणारे झाड निवडणे.

सरईने दिलेला धडा

सागाच्या आधी आपल्या दुसऱ्या मोठ्या झाडाकडे पाहू. हिंदीत साल आणि आपल्याकडे गावोगावी सरई म्हणतात ते. आपला जिल्हा मोठा भाग्यवान आहे. सागाचा मुलूख आणि सरईचा मुलूख इथे एकमेकांना भेटतात. खाली साग-बांबूचे मिश्र जंगल आणि वर बैहरच्या पठारावर, कान्हाच्या बाजूला, सरईचे दाट रान.

१९९४ ते १९९९ या काळात तेव्हाच्या अखंड मध्य प्रदेशात सरईवर भुंग्याची भयंकर साथ आली. 'साल बोरर' हे नाव त्या काळी मंडला, डिंडोरी आणि बालाघाटकडे लहान मुलांच्याही तोंडी होते. पाच लाख हेक्टरांहून अधिक सरईचे जंगल तिच्या तडाख्यात सापडले आणि ३० लाखांहून अधिक झाडे गेली. १९२३ ते १९२८ या काळातही याच भुंग्याची मोठी साथ मध्य प्रांताने पाहिली होती.

या भुंग्याचे आयुष्यचक्र एका वर्षाचे. पहिल्या पावसाबरोबर भुंगे खोडातून बाहेर पडतात. मादी सरईच्या सालीवर अंडी घालते. अळी साल पोखरून आत शिरते, मग कोवळ्या लाकडात आणि शेवटी गाभ्यात जाते. पुढच्या पावसाळ्यात नवा भुंगा बाहेर येतो. साथ आवरण्यासाठी वनविभागाने 'वृक्ष-सापळा' लावला. सरईचे काही ओंडके कापून, त्यांची साल ठेचून रानात ठेवायचे. रसाच्या वासाने दूरदूरचे भुंगे तिथे गोळा होतात आणि रस पिऊन सुस्त पडतात. मग गावकऱ्यांनी ते वेचायचे आणि मोजून मजुरी घ्यायची.

आपल्या पाठासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सरईचे निरोगी झाड मुकाट्याने मरत नाही. अळीने साल पोखरली की झाड तिथे राळ सोडते, आणि त्या राळेत कोवळ्या अळ्या बुडून मरतात. हीच झाडाची प्रतिकारशक्ती. भुंगे थोडे असतील तर झाड जिंकते. पण साथीत एकाच झाडावर अळ्यांची झुंड तुटून पडते, राळ पुरत नाही, आणि धडधाकट झाडही पडते.

तेव्हा पहिला धडा लिहून ठेवा. प्रतिकार म्हणजे अभेद्य कवच नव्हे. प्रतिकाराला मर्यादा असते, आणि ती शत्रूच्या संख्येवरही अवलंबून असते.

झाड स्वतःचे रक्षण कसे करते?

अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ आर. एच. पेंटर यांनी १९५१ मध्ये पिकांच्या कीडप्रतिकारावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले. ते आजही शिकवले जातात आणि झाडांनाही लागू पडतात.

पहिला प्रकार, नावड. पानाचा वास, रंग, लव किंवा जाडी अशी असते की पतंगाला तिथे अंडी घालावीशी वाटत नाहीत. पाहुणा दारातूनच परत जातो.

दुसरा प्रकार, न पचणे. अळी पान खाते, पण पानातील एखाद्या रसायनामुळे ती नीट वाढत नाही, उशिरा कोषात जाते किंवा मरते.

तिसरा प्रकार, सोसणे. अळी पान खाते, पोसतेही, पण झाड लवकर नवी पालवी काढून भरपाई करते.

यांच्या जोडीला आणखी एक युक्ती आहे. तिला वेळ चुकवणे म्हणू या. हिब्लियाला कोवळे पान हवे. एखाद्या झाडाला इतरांच्या आधी पालवी फुटली, तर पतंग येईपर्यंत त्याची पाने जून झालेली असतात. असे झाड खरे म्हणजे लढतच नाही, फक्त त्या वेळी तयार होऊन बसलेले असते. कर्नाटकात सागाचा 'तेली' नावाचा एक प्रकार आहे. त्याची पाने तेल लावल्यासारखी चकचकीत असतात आणि त्याला पालवीही लवकर फुटते. त्यामुळे अशा सागाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले.

इथे वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो. "सागाच्या लाकडाला तर वाळवी लागत नाही, मग पानाला अळी कशी लागते?" प्रश्न चांगला आहे. सागाच्या गाभ्याच्या लाकडात टेक्टोक्विनोन आणि त्यासारखी इतर द्रव्ये साठलेली असतात, ती वाळवीला मानवत नाहीत. म्हणून आजोबांच्या काळच्या सागवानी चौकटी आजही टिकून आहेत. पण ही द्रव्ये जुन्या गाभ्यात साठतात. पानाचे काम वेगळे, पानाची रसायने वेगळी आणि पानाचे शत्रूही वेगळे. एका शत्रूविरुद्धची ढाल दुसऱ्या शत्रूच्या कामी येईलच असे नाही.

एक हिरवे झाड म्हणजे पुरावा नव्हे

निलंबूर ही आपल्या देशातील सागाच्या लागवडीची जुनी पंढरी. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांच्या काळात, चातू मेनन यांच्या देखरेखीखाली तिथे साग लावायला सुरुवात झाली. तिथल्याच लागवडीत, जाळी करणाऱ्या अळीने सगळी झाडे तपकिरी केली असताना, एखाददुसरे झाड हिरवेगार उभे असल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली. कीडप्रतिकारक झाडांच्या शोधाची सुरुवात अशीच होते. कोणाला तरी ते हिरवे झाड दिसावे लागते.

पण दिसले म्हणून लगेच "सापडले" असे म्हणता येत नाही. का, ते गणिताने पाहू.

समजा ६४ सागाची झाडे आहेत आणि कोणातच काही विशेष गुण नाही. समजा दरवर्षी त्यांतील निम्मी झाडे निव्वळ योगायोगाने अळीपासून सुटतात. कधी वारा आडवा आला, कधी शेजारी पक्ष्यांचे घरटे होते, कधी पतंग दुसऱ्या बाजूला गेले. पहिल्या वर्षी ३२ झाडे हिरवी राहतील. त्यांतली निम्मी, म्हणजे १६, दुसऱ्या वर्षीही हिरवी राहतील. तिसऱ्या वर्षी ८, चौथ्या वर्षी ४ आणि पाचव्या वर्षी २. म्हणजे पाच वर्षे सलग हिरवी राहिलेली दोन झाडे आपल्याला केवळ नशिबाने मिळाली! त्यांच्या अंगी गुण काहीच नव्हता. आपण मात्र त्यांना हार घातला असता.

मग खरा गुण आणि नशीब वेगळे कसे करायचे? उपाय असा की त्या झाडाच्या पुष्कळ प्रती करायच्या आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी, इतर झाडांमध्ये मिसळून लावायच्या. गुण झाडाच्या अंगचा असेल तर प्रती जिथे जातील तिथे तो दिसेल. नशीब असेल तर शेजारच्या झाडांसारखीच त्यांचीही जाळी होईल.

प्रती बियांपासून होत नाहीत. बी म्हणजे आई-बापाचे मिश्रण. सागाचे परागकण कीटक दुसऱ्या झाडावरून आणतात, त्यामुळे आई माहीत असली तरी बाप कोण ते कळत नाही. हुबेहूब प्रत हवी असेल तर आंब्यासारखे कलम करावे लागते, डोळा भरावा लागतो किंवा ऊतिसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर, करावे लागते. एका झाडापासून अशा रीतीने केलेल्या सर्व प्रतींना मिळून 'क्लोन' म्हणतात. सागाच्या ऊतिसंवर्धनाचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम १९८० च्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

जबलपूर आणि लोहारा

हे काम आपल्यापासून दूर कुठे चालते असे समजू नका. जबलपूरला उष्णकटिबंधीय वन अनुसंधान संस्था आहे. तिची स्थापना १९८८ ची. मध्य भारतातील साग आणि सरईच्या किडींचा अभ्यास हे तिचे एक मोठे काम आहे. दुसरीकडे, आपल्या गोंदियाच्या पलीकडे चंद्रपूरजवळ लोहारा येथे सागाची राष्ट्रीय जननद्रव्य पेढी आहे. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून निवडलेल्या उत्तम सागांचे क्लोन तिथे शेजारी शेजारी लावलेले आहेत. बँकेत पैसे ठेवतात, तसे इथे वाण ठेवले आहेत.

अशा ठिकाणी तुलना करणे सोपे जाते. माती तीच, पाऊस तोच, अळीही तीच, फरक फक्त झाडाच्या वंशाचा. शास्त्रज्ञ प्रत्येक क्लोनची पाने घेऊन किती टक्के भाग खाल्ला गेला ते मोजतात. प्रयोगशाळेत अळीसमोर वेगवेगळ्या क्लोनची पाने ठेवून ती कोणते पान खाते तेही पाहतात. अशा परीक्षेचे उत्तर "लागते" किंवा "लागत नाही" असे येत नाही. "याला कमी लागते, त्याला जास्त लागते" असे येते. परीक्षेत नुसते पास-नापास नसून गुण असतात, तसेच हे.

पुढचा मार्ग लांब आहे. रानात चांगले झाड निवडायचे, कलमे करायची, ती वाढू द्यायची, काही वर्षे मोजायचे, चांगल्या ठरलेल्या क्लोनांची बीज-वाटिका लावायची, तिला फुले-फळे येईपर्यंत थांबायचे, त्या बियांची रोपे लावून मुलांमध्ये आई-बापाचा गुण उतरला का ते तपासायचे. ढोबळ हिशेब केला तरी वीस-पंचवीस वर्षे सहज जातात. ज्याने झाड निवडले तो निवृत्त होतो आणि निकाल पुढची पिढी पाहते. शिवाय नुसता किडीचा प्रतिकार पुरत नाही. झाड सरळ वाढले पाहिजे, लवकर भरले पाहिजे. अळी लागत नाही पण खोड वाकडे, अशा सागाला डेपोत कोण विचारणार?

सुबाभळीची गोष्ट

कष्टाने एक उत्तम झाड मिळाले, तर सगळीकडे तेच लावावे का? याचे उत्तर सुबाभळीने दिले आहे.

पुण्याजवळ उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. १९७० च्या दशकापासून या संस्थेने हवाईतून आणलेल्या सुबाभळीचा प्रसार केला. झाड झपाट्याने वाढे, जनावरांना चारा मिळे, सरपण मिळे. जगभर तिला 'चमत्कारी झाड' म्हणत. पण तिचे लावले जाणारे वाण थोडे, आणि सुबाभूळ बहुधा स्वतःच्याच परागाने बी धरते, त्यामुळे लाखो झाडे जवळजवळ एकसारखी.

१९८४ मध्ये हवाई बेटांवर सुबाभळीचे कोवळे शेंडे शोषणारा एक बारीक तुडतुड्यासारखा कीटक दिसला. मूळचा तो मध्य अमेरिकेकडचा. तिथून प्रशांत महासागरातील बेटे, मग आग्नेय आशिया, आणि १९८८ मध्ये तो भारतात पोहोचला. चार वर्षांत अर्धे जग! सगळी झाडे एकाच वंशाची असल्यामुळे एका झाडाचे कुलूप उघडले की सगळ्यांचे उघडले.

उपाय दोन बाजूंनी झाला. या किटकांना खाणारे एक ढालकिड्यासारखे निळे भुंगे आपल्या देशात आणून सोडण्यात आले. दुसरीकडे हवाई विद्यापीठात प्राध्यापक जेम्स ब्रूबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील सुबाभळीच्या रानटी भावंडांमध्ये प्रतिकार शोधला. 'पॅलिडा' नावाच्या जातीत तो सापडला, तिचा सुबाभळीशी संकर केला आणि नवे वाण तयार झाले. ऑस्ट्रेलियात अशाच संकरातून आलेले 'रेडलँड्स' नावाचे वाण २०१९ मध्ये शेतकऱ्यांना मिळाले. कीड आल्यापासून ३० हून अधिक वर्षे लागली. आणि मेक्सिकोच्या रानातली ती बिनकामाची वाटणारी भावंडे कोणी तोडून टाकली असती, तर गुण आणायचा कुठून?

एकच वाण लावण्यात धोका का, ते पिढ्यांच्या हिशेबानेही समजते. साग ६० वर्षे उभा राहतो. अळीच्या वर्षाला समजा आठच पिढ्या धरल्या, तरी ६० वर्षांत ४८० पिढ्या होतात. माणसाच्या ४८० पिढ्या म्हणजे, पिढीला २५ वर्षे धरून, १२ हजार वर्षे. झाड जागचे हलत नाही, त्याचा गुण बदलत नाही, आणि समोरचा शत्रू दर दीड महिन्याने नवा जन्म घेतो. एका कुलपाची किल्ली कधीतरी सापडणारच. म्हणून दुसरा धडा. कुलपे अनेक असावीत. प्रतिकारक क्लोन लावायचे तर एक नाही, पुष्कळ, आणि मिसळून.

कोणाविरुद्ध प्रतिकार?

आजकाल आपल्याकडे महोगनीची रोपेही विकली जातात. महोगनीच्या कुळाचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा पोखरणारी अळी. ती मुख्य शेंडा मारते, मग झाडाला बाजूच्या फांद्या फुटतात आणि सरळ सोट मिळत नाही. या कुळातील झाडांची एक गंमत आहे. आपल्याकडील तून या झाडावर आशियातील शेंडाअळी येते, पण तेच तून अमेरिका खंडात नेऊन लावले तर तिथल्या शेंडाअळीला ते चालत नाही. याच्या उलट, अमेरिकेतील सेड्रेला तिच्या घरी अळीने बेजार होते. १९७० च्या दशकात कोस्टा रिकातील तुरियाल्बा येथे शास्त्रज्ञांनी सेड्रेलाचे कलम तूनच्या मुळावर बांधले, तेव्हा वरच्या सेड्रेलातही काही प्रतिकार उतरला. मुळातून वर जाणारे काहीतरी द्रव्य अळीला मानवत नव्हते.

यातून तिसरा धडा. "कीडप्रतिकारक" हा शब्द अर्धा आहे. कोणत्या किडीविरुद्ध, आणि कोणत्या मुलखात, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पालकांसाठी दोन शब्द

१९९० च्या दशकात "आज इतके हजार भरा, वीस वर्षांनी इतके लाख घ्या" अशा सागाच्या जाहिराती देशभर आल्या. पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबांचे पैसे त्यात अडकले, आणि १९९९ मध्ये सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. आता योजनेऐवजी रोप दाखवले जाते आणि "टिश्यू कल्चर आहे, कीड लागणार नाही" असे सांगितले जाते.

टिश्यू कल्चर म्हणजे फोटोकॉपी. मूळ कागदावर जे असेल तेच प्रतीत येईल. मूळ झाड किडीला बळी पडणारे असेल तर त्याच्या दहा हजार प्रतीही बळी पडतील. म्हणून रोपे घेताना चार प्रश्न जरूर विचारावेत.

१. हे कोणत्या मातृवृक्षाचे रोप आहे, आणि तो कुठे उभा आहे?

२. कोणत्या किडीविरुद्ध प्रतिकार आहे, फस्त करणाऱ्या अळीविरुद्ध की जाळी करणाऱ्या?

३. किती ठिकाणी आणि किती वर्षे तपासले? आपल्या भागात तपासले का?

४. एकच क्लोन आहे की अनेक?

उत्तर मिळाले नाही तर घाई करू नये. जबलपूरची संस्था किंवा आपल्या वनविभागाची रोपवाटिका, इथे चौकशी करता येते. आणि लावताना नुसता साग न लावता मध्ये बांबू, आवळा, करंज, शिवण अशी झाडे ठेवावीत. मिश्र रानात अळ्या खाणारे पक्षी, मुंग्या आणि परोपजीवी माश्या टिकतात. हीही एक प्रकारची प्रतिकारशक्तीच, फक्त ती एका झाडाची नसून सगळ्या रानाची असते.

विश्वस्त मंडळींना विनंती

आपल्या रानातला सर्वांत सरळ, सर्वांत निरोगी साग प्रथम तोडला जातो, कारण त्याला भाव जास्त. वाकडा मागे राहतो आणि पुढचे बी त्याचेच पडते. म्हणून गावाच्या हद्दीत, देवस्थानाच्या जागेत, जुन्या वाड्याच्या परसात जे थोर साग उरले आहेत, ते नुसते लाकूड नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्यात पुढच्या पन्नास वर्षांच्या उपयोगाचा गुण असेल, आणि तो तपासण्याआधीच झाड गेले तर परत मिळणार नाही. आपल्या ओळखीतल्या अशा झाडांची यादी व्हावी आणि ती शाळेत ठेवली जावी, ही विनंती.

आपले काम: सागाची वही

इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी हा उपक्रम ठरवला आहे. प्रत्येक गटाने आपल्या घराजवळील किंवा रस्त्याकडेची १० सागाची झाडे निवडावीत. जंगलात एकट्याने जाऊ नये, झाडाला खिळा ठोकू नये, जागेचा नकाशा काढून क्रमांक द्यावेत. पालवी फुटल्याची तारीख लिहावी. त्यानंतर ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये महिन्यातून दोनदा प्रत्येक झाड पाहून ० ते ४ असे गुण द्यावेत. पान अखंड असेल तर ०, पाव भाग खाल्ला तर १, अर्धा २, पाऊण ३ आणि सगळी जाळी झाली तर ४. दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग पडताळावेत.

ही वही एका वर्षाची नाही. नववी झाली की पुढच्या वर्गाच्या हाती द्यायची. पाच वर्षांनंतर कोणते झाड वारंवार हिरवे राहिले ते कळेल, आणि तो निव्वळ योगायोग आहे की काय हे विचारायला आपण जबलपूरला पत्र लिहू शकू.

स्वाध्याय

१. ४४ टक्के नुकसानीचा हिशेब धरल्यास, ज्या लागवडीत २५० घनफूट लाकूड वाढले असते, तिथे प्रत्यक्षात किती वाढेल?

२. ६४ ऐवजी २५६ झाडे घेतली, तर पाच वर्षांनंतर किती झाडे निव्वळ योगायोगाने हिरवी राहतील?

३. नावड, न पचणे, सोसणे आणि वेळ चुकवणे यांचे प्रत्येकी एक उदाहरण आपल्या शेतातील किंवा परसातील पिकांतून शोधा. घरी आजी-आजोबांना विचारा.

४. सरईची राळ साथीच्या काळात अपुरी का पडली? चार-पाच वाक्यांत लिहा.

५. एक शेतकरी म्हणतो, "माझ्या बांधावरचा एक साग मागच्या वर्षी हिरवा राहिला, आता मी त्याचेच बी सगळीकडे लावणार." त्यांना तुम्ही कोणत्या दोन गोष्टी सांगाल?

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत.